बारुतला काय चालत नाही

७ मे

काल संत गेओर्गीचा सण पार पडला. कोकरू पोटात भात आणि पुदिना भरून भट्टीत भाजलं, बनित्साही केली, पापुद्र्यांत सढळ हातानं चीज घालून. कालिना येते म्हणाली होती, पण आमच्या लेकीला स्पेनमध्ये रजा मिळाली नाही. त्यामुळे टेबलाशी तिघंच : मी, माझा नवरा दोब्री आणि शेजारचा स्तामात. बायको गेल्यापासून स्तामातच्या शेगडीवर कॉफीशिवाय काही चढत नाही, म्हणून सणावारी तो आमच्याकडेच असतो. त्यानं दोनदा वाढून घेतलं आणि दोब्रीला म्हणाला, "काय रे, राकियाचा पेला तसाच? साधू बिधू झालास की काय?"

"नव्या कवळीला झोंबते," दोब्री म्हणाला.

कवळी लागते, कवळी टोचते, हे ईस्टरपासून ऐकतेय. दातांच्या डॉक्टरकडे जा म्हटलं की मात्र कान बंद. तरी ताट त्यानं चाटूनपुसून स्वच्छ केलं. शाळेच्या स्वयंपाकघरात माझा उभा जन्म गेला. माणसाची तब्येत मी ताटावरून ओळखते. रिकामं ताट दिसलं की मला बरं वाटतं.

लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. आमचा कुत्रा बारुत परत खाजवतोय. आधी कान हलवत होता, आता पुढचे पंजे चाटत बसतो. बोटांमधले केस तांबडे झालेत. पोटावर पुरळ आहे. दोब्री म्हणतो गवत लागलं असेल. मी म्हणते पिसवा. दोघंही अंदाजपंचे.

१९ मे

बारुतला घेऊन जनावरांच्या डॉक्टर स्लावचेवांकडे गेलो. तरुण मुलगी आहे, पण हात घट्ट आहे. बारुतसारखा दांडगा शिकारी कुत्रा तिच्यापुढे मुकाट्यानं उभा राहिला. कानात किडे नाहीत, पिसवा नाहीत. कानात बुरशी धरलीय, पंजांतही. वास त्याचाच येतो, आंबलेल्या कणकेसारखा.

"काय खातो?" तिनं विचारलं.

"गोमांसाचे कोरडे दाणे. लहानपणापासून तेच," दोब्री म्हणाला. "आणि शिकारीच्या दिवसांत हाडं."

"टेबलावरचं?"

मीच हसले. टेबलावरचा घास कुत्र्याला द्यायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा आहे आणि तो दोब्रीचाच. नाक बिघडतं म्हणतो. कालिनानं एकदा बारुतला केकचा तुकडा दिला तर तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नव्हता. हे सगळं मी डॉक्टरणीला सांगितलं. दोब्री बारुतचा पट्टा हातात गुंडाळत होता.

गोळ्या, कानात घालायचे थेंब आणि आंघोळीचं औषध दिलंय. गोळ्यांनी बरं वाटलं आणि गोळ्या थांबल्यावर परत आलं, तर खाण्याचं बघू म्हणाली.

१४ जून

परत आलं. गोळ्या संपल्या आणि आठवडाही गेला नाही. आता काखेत आणि मांड्यांच्या आत कातडी लाल झालीय, खाजवून खाजवून एका जागी रक्त येतं.

डॉक्टरीण म्हणाली, बहुधा खाण्यातलं काहीतरी त्याच्या अंगाला सोसत नाही. कुठलं, ते रक्त तपासून खात्रीनं कळत नाही. एकच मार्ग आहे : त्यानं आजवर कधी खाल्लं नसेल असं एकच मांस आणि एकच कंद, दोन महिने. बाकी काही नाही. चाटायला हाड नाही, बक्षिसाचा तुकडा नाही, काही नाही. "एक घास गेला तरी सगळं पहिल्यापासून. सगळ्यात जास्त वेळा कोंबडी नाहीतर गोमांस निघतं, पण आपण अंदाज करायचा नाही."

ससा ठरला. ससे बाजारातल्या एका बाईकडे मिळतात. बटाटे घरचे. मी शेकडो पोरांचं जेवण रांधलंय, एका कुत्र्याचं काय विशेष. मीठ नाही, तेल नाही, वेगळं पातेलं, वेगळा डाव.

घरी येताना दोब्री अर्ध्या वाटेत थांबला. मग म्हणाला, "दोन महिने फार होतात गं नेव्या."

"तुला काय? शिजवायचं मला आहे."

२ जुलै

नवल आहे. एक आठवडा बारुतला बरं वाटलं आणि आता पुन्हा तेच. पंजे चघळतो. गळ्यात प्लास्टिकची घंगाळासारखी कॉलर घातलीय, ती दारांना आपटत घरभर फिरतो. दोब्रीला ते बघवत नाही. संध्याकाळची औषधाची आंघोळ त्यानं स्वतःकडे घेतलीय. अंगणात टब घेऊन बसतो, एकेक पंजा धरतो, बोटांमधून फेस चोळतो आणि सगळा वेळ त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलतो. एवढा जीव त्यानं कालिनालाही लावला नव्हता. आवाज मात्र त्याचा बसलाय. नदीवरच्या गार वाऱ्यात मासे धरायला बसतो, तर बसणारच.

जेवायला हल्ली त्याला फार वेळ लागतो. माझं होऊन मी भांडी घासायला उठते तरी हा चावतोय. दर घासाला पाणी. मी म्हटलं, "कवळी बदल, नाहीतर मी तुला दळून वाढते." हसला. भांडी घासून वळले तर ताट स्वच्छ.

११ जुलै

डॉक्टरणीनं बारुतचं वजन केलं. वाढलंय.

"नेव्याना मावशी, ससा आणि बटाट्यावर कुत्र्याचं वजन वाढत नाही. कोणीतरी खायला घालतंय त्याला."

माझ्या स्वयंपाकात खोट काढल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, माझ्या घरात नाही.

पण घराबाहेर? येताना रस्ताभर विचार केला आणि अंगणात शिरताना उत्तर समोर उभं : स्तामात, कुंपणाला टेकलेला, आणि बारुत कुंपणाच्या फटीत नाक घालून शेपूट हलवतोय. हा माणूस त्याला पिल्लू असल्यापासून सॉसेजचे तुकडे टाकत आलाय. दोब्री ओरडायचा, हा हसायचा.

मी सरळ विचारलं, "काय देतोस त्याला?"

"काही नाही. तू सांगितलंस तेव्हापासून पावाचा चुरासुद्धा नाही."

"मग वजन वाऱ्यावर वाढलं?"

स्तामातनं टोपी काढली, परत घातली. दोब्री माझ्यामागे उभा होता, स्तामातची नजर त्याच्यावर होती. म्हणाला, "नेव्याना, आधी आपल्या घरात बघ."

मला म्हणतो. मला, जिनं त्याला बायको गेल्यानंतर वर्षभर डबा दिला. मी जे तोंडाला आलं ते बोलले. फुकट खाऊन सोकावलेला म्हणाले, तुझ्या एकटेपणापायी आमचा कुत्रा मारशील म्हणाले. स्तामात माझ्याकडे बघतच नव्हता, दोब्रीकडेच बघत होता. मग आत गेला आणि दार लावून घेतलं.

दोब्रीला म्हटलं, "तू का गप्प बसलास? तुझा मित्र ना तो?"

"काय बोलू?" तो म्हणाला आणि तिथंच पायरीवर बसला.

१३ जुलै

कुंपणाला पत्रे ठोकून घेतले. दोब्रीनं ठोकायला हवे होते, पण चार खिळ्यांत दमला. गवंड्याकडून करून घेतलं.

५ ऑगस्ट

पत्रे लावूनही फरक नाही. उलट वाढलंय. बारुतचं पोट काळवंडलं आहे, कातडी हत्तीसारखी जाड झालीय. मानेखालचे केस गेले. हात लावला की अंग थरथरतं, मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागतो. त्याला स्वतःला ते नको असतं, डोळ्यांत दिसतं. परवा बाजारातल्या बाईनं विचारलं, "अजून जिवंत आहे का तो?" सहज विचारलं तिनं, पण मी सशाचे तुकडे पिशवीत न भरताच निघाले होते.

मला एक विचार शिवून गेला, तो इथंच लिहिते : असा जगवण्यापेक्षा शेवटची सुई द्यावी. दोब्रीला बोलून दाखवलं. तो पांढरा पडला. म्हणाला, "थोडं थांब. हिवाळ्यापर्यंत थांब. मग तो बरा होईल."

"तुला कसं माहीत?"

"होईल," म्हणाला.

१८ ऑगस्ट

लावरी पक्षी टिपायचा हंगाम सुरू झाला. दरवर्षी दोब्री आदल्या दिवसापासून पोरासारखा असतो. यंदाही बंदूक पुसली, बूट चढवले. कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं दिसलं. मी म्हटलं, "बघ, राकिया सोडल्याचा फायदा." सकाळचा गेला तो दहाच्या आत परत. रिकाम्या हातानं. म्हणाला, बारुतला खाजेपायी धड वास घेता येईना. बारुत मात्र दारात उभा राहून शेताकडे बघत होता, त्याला अजून जायचं होतं.

दोब्री दुपारभर झोपला. हल्ली तो तीन उशा घेऊन जवळजवळ बसूनच झोपतो. घशाशी आंबट येतं म्हणे. मी राईचं, मिरचीचं बंद केलंय. आता त्याला मऊ मऊ देते, दही, चीज, बटाट्याची कुस्करलेली भाजी. दह्याचं वाडगं रोज रिकामं होतं. एवढं समाधान आहे.

९ सप्टेंबर

डॉक्टर स्लावचेवा आज स्पष्टच बोलली. बारुतच्या कानातून पू यायला लागलाय. "काकांना एकदा घेऊन या," म्हणाली. मी म्हटलं, त्याला बरं नाही, कुत्र्याच्या काळजीनं पार वाळलाय. तिनं बारुतचा कान पुसून कापूस टाकला. मग म्हणाली, "तुम्ही जेवता तेव्हा कुत्रा कुठं असतो?"

"दोब्रीच्या पायाशी. नेहमीसारखा."

"आजपासून जेवताना त्याला वेगळ्या खोलीत बंद करा. माझ्यासाठी एवढं करा."

१२ सप्टेंबर

करतेय. आणि दोब्रीनं नुसता उच्छाद मांडलाय. इतका शांत माणूस, पण कुत्र्याला कोंडलं म्हणून पहिल्या दिवशी टेबलावरून उठला. दुसऱ्या दिवशी ताट अर्धं टाकलं : "तो आत रडत असताना माझ्या घशाखाली उतरत नाही." आज ताट उचलून अंगणात गेला, द्राक्षांच्या मांडवाखाली हवेशीर बसतो म्हणाला. पंधरा मिनिटांत रिकामं ताट आणून दिलं. मी बारुतच्या खोलीचं दार तपासलं. उघडं होतं.

"तू उघडलंस?"

"वाऱ्यानं उघडलं असेल."

म्हातारपणी माणसं हट्टी होतात, हे माझ्या आईकडे बघून मला माहीत होतं. उद्यापासून बारुतला मागच्या शेडमध्ये ठेवते, कडी घालून.

२० सप्टेंबर

काल काय झालं ते लिहिते.

दिवसभर अंगणात मिरच्या भाजत होते, हिवाळ्याच्या बरण्यांसाठी. दुपारी दोब्रीला दह्याचं वाडगं दिलं आणि म्हटलं, मांडवाखाली बस, मी शेगडी सोडून येऊ शकत नाही. बरण्या कमी पडल्या म्हणून शेडकडे गेले. कडी काढलेली होती.

दोब्री उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसला होता. मांडीवर वाडगं. चमच्यानं बारुतला दही भरवत होता, एकेक चमचा, लहान मुलाला भरवावं तसं. गळ्यातली कॉलर काढून बाजूला ठेवली होती. बारुतच्या कानातून पू गळत होता आणि तो चमचा चाटत होता.

मग बोलले ते सगळी गल्ली ऐकेल असं. तू. तू मारतोयस त्याला. मी तीन महिने सशाची हाडं काढतेय, शेजाऱ्याला तोडलं, पत्रे ठोकले, आणि तू इथं बसून त्याला विष घालतोयस. दोब्री खाली मान घालून ऐकत होता. एवढंच म्हणाला, "मांस नव्हतो देत. कोंबडी, गोमांस नको म्हणाली होती ती, म्हणून ते रुमालात बांधून नदीत टाकायचो. चीज आणि दहीच द्यायचो. त्यात काय असणार, वाटलं."

"आणि तुझ्या वाटचं का द्यायचं? माझ्या हातचं तुला इतकं नकोसं झालं?"

मी वाडगं त्याच्या छातीशी धरलं. म्हटलं, "खा. माझ्यासमोर खा."

"नेव्या, नको."

"खा म्हणते ना."

त्यानं चमचा भरला. तोंडात घेतला. माझ्याकडे बघत गिळलं. त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग सगळं दही तसंच्या तसं परत आलं, हनुवटीवरून शर्टावर. मागोमाग फेसाळ थुंकी, त्यात लाल रेघा. शर्ट ओला होऊन अंगाला चिकटला तेव्हा मला त्याच्या फासळ्या दिसल्या. मी रोज धुते तो शर्ट. वाळत घालते. इस्त्री करते.

बारुत त्याच्या शर्टावरचं चाटायला गेला. मी त्याला बाजूला केलं आणि जमिनीवर बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ईस्टरच्या आधीपासून. आधी पाव अडकायचा. मग मांस."

अंगणात मिरच्या जळत होत्या. त्या उठून काढाव्यात हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

२ ऑक्टोबर

जिल्ह्याच्या हॉस्पिटलात दोब्रीला दाखल करून घेतलंय. अन्ननलिकेत गाठ आहे, यकृतापर्यंत गेलीय. मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. चांगला माणूस आहे, खुर्ची पुढे केली. शस्त्रक्रियेत अर्थ नाही म्हणाले. पोटाला भोक पाडून नळी बसवतील, तीतून पातळ अन्न घालायचं.

"इतके दिवस घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?" बरोबरच्या नर्सनं विचारलं. तिचा काही वाईट हेतू नव्हता. मी म्हटलं, ताट रिकामं असायचं.

दोब्रीला मी रागावून विचारलं, का लपवलंस. तो हळूहळू बोलतो, आवाज फाटका. त्याच्या थोरल्या भावाला असंच झालं होतं, त्याला कापलं, शिवलं, परत कापलं. "शेवटचं वर्ष त्यानं पलंगावर छताकडे बघत काढलं. मला एक उन्हाळा अंगणात हवा होता. आणि ताट परत केलं असतं तर तुला त्याच दिवशी कळलं असतं. तुझ्यापासून दुसरं काहीही लपवता येतं."

"आणि बारुत?"

"त्याला रोज बघत होतो मी," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

मग जरा वेळानं : "स्तामातशी बोल. त्याला मे महिन्यापासून माहीत होतं. मी त्याला त्याच्या मेलेल्या बायकोची शपथ घातली होती."

मी पाणी आणायला म्हणून बाहेर आले. मे महिन्यापासून. सणाला माझ्या टेबलाशी बसून दोनदा वाढून घेतलं त्यानं.

९ नोव्हेंबर

दोब्रीला घरी आणलं. कालिना आली आहे, नोकरी सोडून. नळीतून अन्न घालायला ती शिकली. मला ते जमत नाही. स्वयंपाकघरात मी फक्त तिच्यापुरतं आणि माझ्यापुरतं करते, तेही आम्ही उभ्या उभ्या खातो, त्याला वास जाऊ नये म्हणून दार लावून.

बारुतचं लिहायला हवं. कान कोरडे झाले. पोटाची कातडी मऊ पडलीय, काळेपणा जातोय. मानेखाली लव उगवली आहे, आधीपेक्षा गडद. कॉलर काढली. डॉक्टर स्लावचेवा स्वतः घरी येऊन बघून गेली. "सुंदर," म्हणाली, मग दोब्रीच्या पलंगाकडे लक्ष गेलं आणि ओशाळली. दोब्रीनं मात्र हात लांब करून बारुतच्या पोटावरून फिरवला, केस उलटे करून बघितले, बोटांमध्ये बघितलं. खूप वेळ. "सांगितलं होतं ना, हिवाळ्यापर्यंत बरा होईल," म्हणाला.

कालिनाला वाटलं तो भ्रमात बोलतोय. मला तसं वाटलं नाही.

स्तामात दोनदा फाटकाशी आला. दोन्ही वेळा मी कालिनाला सांगायला लावलं की दोब्री झोपलाय.

१ डिसेंबर

स्तामात आज पुन्हा आला. कालिना म्हणाली, "आई, बाबा रोज त्याच्याबद्दल विचारतात. येऊ दे ना." मी म्हटलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. तो एक शब्द बोलला असता तर मे महिन्यात हॉस्पिटल गाठलं असतं. कालिना म्हणाली, डॉक्टर म्हणाले मे महिन्यातही उशीरच झाला होता. मी म्हटलं, डॉक्टर काहीही म्हणोत.

ती गेली आणि तिनंच फाटक उघडलं. मी स्वयंपाकघरात राहिले. आतून दोघांचा आवाज येत होता, म्हणजे स्तामातचाच. पाणथळ पक्षी यंदा किती उतरलेत, धुकं कसं आहे, कोणाचा कुत्रा नदीत वाहून जाता जाता वाचला. मध्येच दोब्रीच्या हसण्यासारखा आवाज आला. मला वाटलं आत जावं. गेले नाही.

२३ जानेवारी

दोब्री सोमवारी सकाळी गेला. कालिना त्याचं तोंड ओल्या कापसानं पुसत होती. मी खिडकीचा बर्फ काढत होते, त्याला अंगण दिसावं म्हणून.

पुरलं तेव्हा जमीन इतकी कडक होती की कुदळीचा आवाज दगडावर मारल्यासारखा येत होता. स्तामातनं शवपेटीला खांदा दिला. जेवणाला थांबला नाही. मी थांब म्हटलंही नव्हतं.

१६ सप्टेंबर

मधले महिने लिहिण्यासारखं काही नव्हतं. कालिना मार्चमध्ये परत गेली.

डॉक्टर स्लावचेवा मागे लागली होती की आता तरी शोधून काढू, कशाची बाधा होती. मी टाळत होते. बरा आहे कुत्रा, कशाला उकरायचं. ती म्हणाली, "जन्मभर ससाच घालणार का? आणि कधीतरी चुकून गेलंच पोटात, तर?" म्हणून ऑगस्टपासून एकेक करून दिलं. कोंबडी दिली, दोन आठवडे वाट पाहिली. काही नाही. गोमांस, काही नाही. पाव, काही नाही. शेवटी दही दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कान लाल. तिसऱ्या दिवशी पंजे चाटत बसला.

"दूध," डॉक्टरीण म्हणाली. "दुधाचं सगळंच. एवढंच होतं."

मांस दिलं असतं तर काही झालं नसतं. त्यानं जपून जपून नेमकं ते बाजूला काढलं, नदीत टाकलं.

घरी येऊन अंगणात टब मांडला. बारुतचे पंजे मी कधी धुतले नव्हते, ते त्याचं काम होतं. गुडघे टेकून बसावं लागतं. बारुतनं पंजा आपणहून हातात दिला.

१७ ऑक्टोबर

आज शनिवार. सकाळी धुकं होतं. स्तामात बंदूक खांद्याला लावून शेताकडे निघालेला दिसला, एकटाच. त्याचा म्हातारा कुत्रा उन्हाळ्यात मेला, हे मला दूधवाल्याकडून कळलं होतं. बूट वाजले तसा बारुत फाटकाशी गेला आणि कण्हायला लागला. भुंकला नाही, नुसता कण्हत राहिला. गेलं वर्ष त्यानं बंदूक पाहिलेली नाही.

स्तामात थांबला. माझ्याकडे बघितलं नाही. बारुतकडे बघून म्हणाला, "नाही रे, तू घरी."

तो चालू लागला. मी आत जायला वळले होते. मग परत आले आणि फाटकाची कडी काढली. बारुत सुटला तो थेट त्याच्या पायाशी.

"दूध, दही, चीज द्यायचं नाही," मी म्हटलं. एवढ्या महिन्यांनी हे पहिलं वाक्य. आवाज माझाच मला ओळखू आला नाही.

स्तामात वळून उभा राहिला. "बरं," म्हणाला. मग, "पाव?"

"चालतो."

"सॉसेज?"

"त्यात दुधाची पावडर घालतात. पाकिटावर लिहिलेलं असतं."

"मला आता एवढं बारीक दिसत नाही."

"मग देऊ नको."

"नाही देत," तो म्हणाला. अजून काहीतरी बोलायचं होतं त्याला, टोपीला हात गेला होता. मी दार लावून घेतलं.

दुपारनंतर बारुत परत आला. पोटापर्यंत चिखल, कानात काटे, जीभ बाहेर. मी त्याला नखशिखांत तपासलं, कातडी स्वच्छ होती. फाटकाच्या कडीला एक पाणलावा पक्षी दोरीनं बांधून ठेवलेला सापडला, अजून गरम. हाक न मारता गेला होता स्तामात.

पिसं काढून, धुऊन, मीठ लावून ठेवलाय. उद्या कांद्यावर शिजवेन. बारुत पायाशी झोपलाय. स्तामातच्या घरात दिवा आहे, धुराड्यातून धूर मात्र नाही. म्हणजे आजही कॉफीवरच झोपणार. उद्या दुपारी त्याला हाक मारायची झाली तर फाटकापर्यंत जावं लागेल, त्या पत्र्यांवरून आवाज पोचत नाही.